प्रवरपूर : वाकाटक राजधानीच्या स्थाननिश्चितीचा प्रश्न आणि वर्धा जिल्ह्याचा परिसर

सारांश :
वाकाटक सम्राज्ञी प्रभावतीगुप्ता हिचा पुत्र द्वितीय प्रवरसेन याने नंदिवर्धन सोडून प्रवरपूर या नव्या नगरात राजधानी नेली, हे त्याच्या ताम्रपटांवरून दिसते. हे नगर म्हणजे वर्धा जिल्ह्यातील पवनार, असे मत महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनी मांडले व ते दीर्घकाळ मान्य राहिले. १९९८ नंतर मनसर येथील उत्खननामुळे या मताला प्रबळ पर्याय उभा राहिला. प्रस्तुत लेखात दोन्ही मतांमागील पुराव्यांचे स्वरूप, त्यांचे बळ आणि त्यांच्या मर्यादा यांचा परामर्श घेतला आहे.

बीजशब्द : वाकाटक, प्रवरपूर, पवनार, मनसर, ताम्रपट, मुद्रांक, स्थाननिश्चिती.

१. प्रस्तावना

प्राचीन विदर्भाच्या राजकीय इतिहासात वाकाटक घराण्याचे स्थान अनन्यसाधारण आहे. इसवी सनाच्या तिसऱ्या शतकाच्या मध्यापासून पाचव्या शतकाच्या अखेरीपर्यंत या घराण्याने दख्खनच्या मोठ्या भागावर सत्ता गाजविली. विंध्यशक्ती हा घराण्याचा संस्थापक होय. त्याचा पुत्र प्रथम प्रवरसेन याने चार अश्वमेध यज्ञ केले आणि ‘सम्राट’ ही पदवी धारण केली. ही पदवी धारण करणारा तो या घराण्यातील एकमेव राजा होय. त्याच्या वंशजांनी ‘महाराज’ या बिरुदावरच समाधान मानले. प्रथम प्रवरसेनानंतर राज्याची विभागणी झाली. त्यांपैकी एक शाखा वत्सगुल्म म्हणजे आजच्या वाशीम येथून, तर ज्येष्ठ शाखा प्रथम नंदिवर्धन व नंतर प्रवरपूर येथून राज्य करीत होती.

नंदिवर्धन म्हणजे नागपूर जिल्ह्यातील रामटेकजवळचे नगरधन, याविषयी आज अभ्यासकांत फारसा मतभेद नाही. वत्सगुल्माविषयीही नाही. मतभेद आहे तो प्रवरपुराविषयी. वर्धा जिल्ह्यातील पाठ्यपुस्तकपूरक साहित्यात, स्मरणिकांत व व्याख्यानांत ‘पवनार ही वाकाटकांची राजधानी होती’ हे विधान अनेकदा सिद्ध सत्य म्हणून केले जाते. दुसरीकडे, मनसरच्या उत्खननानंतर लिहिल्या गेलेल्या काही ग्रंथांत पवनारचा उल्लेख केवळ कालबाह्य मत म्हणून येतो. ही दोन्ही विधाने पुराव्यापेक्षा थोडी पुढे जातात. म्हणून हा प्रश्न मुळात कसा निर्माण झाला आणि त्याच्या उत्तरासाठी कोणत्या प्रकारचा पुरावा आवश्यक आहे, हे समजून घेणे अगत्याचे ठरते.

२. ताम्रपट काय सांगतात आणि काय सांगत नाहीत

वाकाटकांच्या इतिहासाचे प्रमुख साधन म्हणजे त्यांचे दानविषयक ताम्रपट. पेटिकाशीर्षक ब्राह्मी लिपीत कोरलेल्या या ताम्रपटांच्या आरंभी बहुधा ‘दृष्टम्’ असा शब्द असतो व त्यानंतर ताम्रपट जेथून दिला त्या स्थळाचे नाव पंचमी विभक्तीत येते. राजधानीच्या शोधातील पहिला दुवा हाच होय. मिराशी यांनी या घराण्याचे तोवर उपलब्ध असलेले लेख १९६३ मध्ये भारतीय अभिलेखसंग्रहाच्या पाचव्या खंडात संपादित केले. तत्पूर्वी १९५७ मध्ये त्यांचा ‘वाकाटक नृपति आणि त्यांचा काळ’ हा मराठी ग्रंथ प्रसिद्ध झाला होता.

द्वितीय रुद्रसेनाच्या अकाली निधनानंतर त्याची राणी प्रभावतीगुप्ता हिने अल्पवयीन पुत्राच्या वतीने राज्यकारभार पाहिला. ती गुप्त सम्राट द्वितीय चंद्रगुप्ताची कन्या होती. तिचा पुणे ताम्रपट नंदिवर्धन येथून दिलेला आहे. पुढे तिचा पुत्र द्वितीय प्रवरसेन गादीवर आला. त्याचा काळ सामान्यतः इ.स. ४२० ते ४५५ च्या सुमारास मानला जातो. त्याच्या राज्यवर्ष दोनमधील जांब ताम्रपट आणि राज्यवर्ष अकरामधील बेलोरा ताम्रपट हेही नंदिवर्धन येथूनच दिलेले आहेत. मात्र राज्यवर्ष अठरामधील चम्मक ताम्रपट प्रवरपूर येथून दिलेला आहे. तेविसाव्या वर्षाचा दुदिया ताम्रपटही तेथूनच दिलेला आहे. यावरून अकराव्या व अठराव्या राज्यवर्षांच्या दरम्यान केव्हातरी राजधानी नव्या नगरात गेली, आणि नगराला राजाचेच नाव असल्यामुळे ते त्याने वसविले किंवा नव्याने नामांकित केले, असा निष्कर्ष निघतो.

येथपर्यंतचा निष्कर्ष भक्कम आहे. तथापि प्रवरपूर कोठे होते, कोणत्या नदीकाठी होते, कोणत्या गावाच्या शेजारी होते, हे एकही ताम्रपट सांगत नाही. याचे कारण ताम्रपटाच्या प्रयोजनात आहे. दान दिलेल्या गावाच्या चतुःसीमा काटेकोरपणे नोंदविणे आवश्यक होते, कारण त्यावरून पुढे तंटा होण्याचा संभव होता. राजधानीचा पत्ता लिहिण्याचे प्रयोजन कोणालाच नव्हते. तो सर्वांना ठाऊक होता. परिणामतः आज एका दुर्लक्षित खेड्याचे स्थान ठरविता येते, पण राजधानीचे ठरविता येत नाही, अशी विलक्षण स्थिती उद्भवली आहे.

३. वर्धा जिल्ह्याचा वाकाटककालीन परिसर

याचे उत्तम उदाहरण वर्धा जिल्ह्यातच मिळते. जांब येथे मिळालेल्या ताम्रपटात सुप्रतिष्ठ आहारातील कोथुरक नावाच्या गावाचे दान नोंदविले आहे. हे गाव उमा नदीच्या पश्चिमेस, चिंचापल्लीच्या उत्तरेस, बोंथिकवाटकाच्या पूर्वेस आणि मंडुकिग्रामाच्या दक्षिणेस असल्याचे त्यात म्हटले आहे. मिराशी यांनी उमा म्हणजे वणा नदी व मंडुकिग्राम म्हणजे मांडगाव, असे दाखवून दिले. पुणे ताम्रपटातील दंगुण हे गावही याच सुप्रतिष्ठ आहारात होते. ते आजचे हिंगणघाट होय, असे त्यांचे मत होते. बेलोरा ताम्रपटातील असिभुक्ती या विभागाचा संबंध त्यांनी जिल्ह्याच्या वायव्येकडील आष्टीशी जोडला.

यातून दोन गोष्टी स्पष्ट होतात. पहिली अशी की, पाचव्या शतकाच्या पूर्वार्धात वणा नदीचे खोरे आणि आष्टीचा परिसर हे सुस्थिर कृषिवस्तीचे, आहार व भुक्ती अशा प्रशासकीय विभागांत विभागलेले प्रदेश होते. खेडी इतकी जवळजवळ होती की एका गावाची सीमा शेजारच्या तीन गावांच्या नावांनी सांगता येत होती. धाम नदी पुढे याच वणेला मिळते व वणा वर्धा नदीला. म्हणजे पवनार ज्या नदीव्यवस्थेवर वसले आहे, ती वाकाटकांच्या महसुली व्यवस्थेच्या अंतर्भागात होती, सीमेवर नव्हती.

दुसरी गोष्ट अधिक सावधगिरीची आहे. हे ताम्रपट वर्धा जिल्ह्यात सापडले म्हणून राजधानी वर्धा जिल्ह्यात होती, असे म्हणता येत नाही. ताम्रपट दान घेणाऱ्याच्या घरी जातो. तो देणाऱ्याच्या घरी राहत नाही. जांब व बेलोरा हे दोन्ही ताम्रपट नंदिवर्धनाहून निघाले आणि बऱ्याच अंतरावर सापडले. चम्मक ताम्रपट प्रवरपुराहून निघाला आणि अचलपूरजवळ मिळाला. ताम्रपटांचे प्राप्तिस्थान राज्याचा विस्तार सांगते, राजधानीचे स्थान नव्हे. स्थानिक इतिहासलेखनात या दोहोंची गल्लत वारंवार होताना दिसते.

४. पवनारचा पक्ष

वर्धा शहरापासून सुमारे आठ किलोमीटर अंतरावर, नागपूरकडे जाणाऱ्या मार्गावर, धाम नदीच्या काठी पवनार वसले आहे. मध्ययुगातही या गावाचे महत्त्व टिकून होते. अकबराच्या काळातील ‘आइन-ए-अकबरी’त वऱ्हाड सुभ्यातील एका सरकारचे मुख्य ठाणे म्हणून त्याचा उल्लेख येतो. परिसरात पवन राजाची दंतकथा प्रचलित आहे. आधुनिक काळात १९३८ पासून विनोबा भावे यांचे वास्तव्य आणि १९५९ मध्ये स्थापन झालेले ब्रह्मविद्या मंदिर यांमुळे पवनारचे नाव देशभर पोहोचले.

पवनारच्या पक्षातील सर्वांत महत्त्वाचा पुरावा याच आश्रमाच्या परिसरात मिळाला. विनोबांच्या वास्तव्यकाळात तेथे खोदकाम करताना दगडी शिल्पपट आढळले. त्यांपैकी एक भरत व राम यांच्या भेटीचे मानले जाते. गंगेच्या शिल्पासह ही शिल्पे शैलीच्या दृष्टीने वाकाटककालीन असल्याचे अभ्यासक मानतात. मिराशी यांनी या शिल्पांत रामायणातील प्रसंग ओळखले आणि त्यांची सांगड प्रभावतीगुप्तेच्या विष्णुभक्तीशी घातली. प्रभावतीगुप्तेचा ऋद्धपूर ताम्रपट रामगिरिस्वामीच्या म्हणजे रामटेकच्या देवाच्या पायांशी दिलेला आहे. मातेच्या प्रेरणेने द्वितीय प्रवरसेनाने आपल्या नव्या राजधानीत रामचंद्राचे मंदिर उभारले व पवनारची शिल्पे त्याच मंदिराची होत, असा त्यांचा तर्क होता. रामकथेवरील ‘सेतुबंध’ हे महाराष्ट्री प्राकृतातील महाकाव्य परंपरेने याच प्रवरसेनाच्या नावावर असल्यामुळे या तर्काला साहित्यिक आधारही लाभला. प्रवरपूर आणि पवनार या नावांतील साम्य हा या मांडणीतील आणखी एक दुवा होय.

१९६७ मध्ये नागपूर विद्यापीठाच्या वतीने शां. भा. देव व म. के. ढवळीकर यांनी पवनार येथे उत्खनन केले व पुढील वर्षी त्याचा वृत्तांत प्रसिद्ध झाला. येथील वस्ती सातवाहनपूर्व काळापर्यंत मागे जाते आणि मराठा काळापर्यंत पुढे येते, हे त्यातून दिसून आले. मात्र राजप्रासाद किंवा मोठे राजमंदिर म्हणता येईल अशी वाकाटककालीन वास्तू त्या मर्यादित उत्खननात उघड झाली नाही.

या पक्षातील दुर्बल दुवेही लक्षात घेतले पाहिजेत. शिल्पे मंदिर सिद्ध करतात, राजधानी सिद्ध करीत नाहीत. त्यांतील काही प्रसंगांचा अर्थ सर्वांनी रामकथेच्या आधारे लावलेला नाही. काही अभ्यासकांना त्यांत कृष्णकथेतील प्रसंग दिसतात. तसे असल्यास रामचंद्राच्या मंदिराचा तर्क शिथिल होतो. नामसादृश्य हा पूरक पुरावा आहे. स्वतंत्र पुरावा म्हणून तो अपुरा पडतो.

५. मनसरचा पक्ष

मनसर हे गाव रामटेकच्या पश्चिमेस काही किलोमीटरवर आहे. येथे १९७२ मध्ये शिवाची एक अप्रतिम मूर्ती मिळाली. ती दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात ठेवण्यात आली. पुढे नागपूरच्या बोधिसत्त्व नागार्जुन स्मारक संस्थेच्या वतीने जगत्पती जोशी व अ. कु. शर्मा यांनी १९९८ पासून येथे विस्तृत उत्खनन केले. हिडिंबा टेकडी या नावाने परिचित असलेल्या टेकडीवर विटांचे भव्य शिवमंदिर आणि जवळच राजनिवास मानला गेलेला वास्तुसमूह उघडकीस आला. तेथे मिळालेल्या मुद्रांकावर प्रवरेश्वर हे नाव वाचले गेले. द्वितीय प्रवरसेनाच्या ताम्रपटांतही प्रवरेश्वर या देवस्थानाचा उल्लेख येतो. डच अभ्यासक हान्स बाकर यांनी या सर्व पुराव्यांचा मेळ घालून मनसर हेच प्रवरेश्वराचे स्थान व प्रवरपूर होय, असे प्रतिपादन केले. द्वितीय प्रवरसेन स्वतः परममाहेश्वर म्हणजे शिवभक्त होता, ही गोष्टही या मताला अनुकूल आहे.

हा पुरावा पवनारच्या पुराव्यापेक्षा अधिक थेट आहे, हे मान्य केले पाहिजे. येथे वास्तू आहेत, आणि नावही आहे. तरीही दोन प्रश्न शिल्लक राहतात. पहिला प्रश्न मुद्रांकाच्या स्वरूपाचा आहे. पत्र किंवा मालाचे गाठोडे दोरीने बांधून त्या गाठीवर ओल्या मातीचा गोळा लावीत व त्यावर मुद्रा उमटवीत. गाठ सोडली जाई ती पत्र पोचलेल्या ठिकाणी. म्हणून मुद्रांक अनेकदा पाठविणाऱ्याच्या नव्हे, तर स्वीकारणाऱ्याच्या ठिकाणी मिळतो. नगरधन येथे २०१५ ते २०१८ या काळात झालेल्या उत्खननात प्रभावतीगुप्तेचे नाव व शंखचिन्ह असलेला मुद्रांक मिळाला. तेथे अन्य पुरावा अनुकूल असल्यामुळे त्याचा अर्थ लावणे सोपे जाते. मनसरच्या बाबतीतही भव्य मंदिराच्या सान्निध्यामुळे प्रवरेश्वर तेथेच असण्याची शक्यता मोठी आहे; पण ती मुद्रांकामुळे नव्हे, तर मुद्रांक आणि मंदिर या दोहोंच्या एकत्रित साक्षीमुळे.

दुसरा प्रश्न अधिक मूलभूत आहे. प्रवरेश्वर म्हणजे प्रवरपूर नव्हे. राजाच्या नावाचे देवालय राजधानीतच असले पाहिजे, असा नियम नाही. मनसर हे प्रवरेश्वराचे स्थान असल्याचे सिद्ध झाले, तरी प्रवरपूर तेथेच होते हे विधान आणखी एका अनुमानावर अवलंबून राहते.

६. स्थलांतराचा अर्थ

या वादाचे महत्त्व एका गावाच्या प्रतिष्ठेपुरते मर्यादित नाही. नगरधन ते मनसर हे अंतर दहा किलोमीटरहून कमी आहे. प्रवरपूर म्हणजे मनसर असेल, तर द्वितीय प्रवरसेनाने राजधानी हलविली असे म्हणण्यापेक्षा त्याने जुन्या राजधानीच्या शेजारी, रामगिरीच्या छायेत, नवा राजनिवास व नवे देवालय उभारले असे म्हणावे लागेल. मातेचे विष्णुक्षेत्र आणि पुत्राचे शिवक्षेत्र एकाच परिसरात समोरासमोर उभे राहतात. उलट, प्रवरपूर म्हणजे पवनार असेल, तर सत्तेचे केंद्र सरळ रेषेत सुमारे ९० किलोमीटर नैर्ऋत्येस, वर्धा नदीच्या खोऱ्याकडे सरकले. अशा स्थलांतरामागे वत्सगुल्म शाखेशी असलेले संबंध, कसदार काळ्या जमिनीचा महसूल किंवा दळणवळणाचे मार्ग यांसारखी कारणे शोधावी लागतील. म्हणजे स्थाननिश्चितीच्या उत्तरावर द्वितीय प्रवरसेनाच्या संपूर्ण राजनीतीचे आकलन अवलंबून आहे.

येथे ‘राजधानी’ या संज्ञेविषयीही सावध राहणे आवश्यक आहे. आधुनिक वाचक राजधानी म्हटले की सचिवालय, कायमची कार्यालये व निश्चित सीमा असलेले शहर डोळ्यांसमोर आणतो. वाकाटक राजदरबार फिरता होता. द्वितीय प्रवरसेनाचा वडगाव ताम्रपट हिरण्या नदीच्या काठावरील छावणीतून दिलेला आहे. प्रभावतीगुप्तेने तीर्थस्थानाहून दान दिले. एका राजाची एकाहून अधिक महत्त्वाची स्थाने असणे हे त्या काळाशी विसंगत नव्हते. त्यामुळे पवनार येथे राजाश्रयाने मंदिर उभे राहणे आणि मनसर येथे राजनिवास असणे, या दोन गोष्टी परस्परविरोधी नाहीत. विरोध आहे तो केवळ ‘प्रवरपूर’ हे नाव त्यांपैकी कोणाचे, याबाबत.

७. पुढील अभ्यासाची दिशा

दोन्ही स्थळांवर झालेल्या कामाचे प्रमाण समान नाही. मनसर येथे अनेक वर्षे विस्तृत उत्खनन झाले. पवनारचे १९६७ मधील उत्खनन मर्यादित होते. पवनारचे पांढरीचे टेकाड आजही नांदत्या गावाखाली आहे. लहान क्षेत्रात राजवाडा आढळला नाही, यावरून राजवाडा नव्हता असे अनुमान करणे तर्कदृष्ट्या सदोष आहे. त्याचबरोबर, उत्खनन झाले नाही म्हणून तेथे राजवाडा असलाच पाहिजे, असेही म्हणता येणार नाही.

वस्तीखालील टेकाडाच्या बाबतीत काळ अनुकूल नसतो. घरांचे पाये, विहिरी, नळाच्या चाऱ्या आणि नदीकाठाची धूप यांमुळे थर विस्कळीत होत जातात. एकदा विस्कटलेला थर पुन्हा वाचता येत नाही. अशा ठिकाणी मोठ्या उत्खननाआधीही बरेच काही करता येण्याजोगे आहे : उघड्या पडलेल्या थरांची छायाचित्रांसह नोंद, शेतात व अंगणात मिळणाऱ्या विटांची मापे, नाणी व मृद्भांड्यांची प्राप्तिस्थाने, तसेच गावातील देवळांत व पारांवर ठेवलेल्या जुन्या शिल्पांची सूची. जिल्ह्यातील महाविद्यालयांच्या इतिहास, भूगोल व भूशास्त्र विभागांना पुरातत्त्व विभागाच्या मार्गदर्शनाखाली हे काम करणे शक्य आहे. ताम्रपटांतील चतुःसीमांचा आजच्या नकाशांच्या व महसुली नोंदींच्या आधारे पुनर्विचार हाही विद्यार्थ्यांच्या प्रकल्पासाठी उपयुक्त विषय ठरू शकतो.

८. निष्कर्ष

वरील विवेचनावरून पुढील गोष्टी स्पष्ट होतात. द्वितीय प्रवरसेनाची प्रवरपूर नावाची राजधानी होती, हे निर्विवाद आहे. तिचे स्थान सांगणारा एकही लेख अद्याप उपलब्ध नाही. पवनारविषयीचे मिराशी यांचे मत शिल्पे, नामसादृश्य व धार्मिक पार्श्वभूमी यांच्या सुसंगतीवर आधारलेले आहे. मनसरविषयीचे मत वास्तू, मुद्रांक व देवस्थानाचे नाव यांच्या एकत्रित साक्षीवर उभे आहे. उपलब्ध पुराव्याचा तोल आज मनसरकडे झुकतो, परंतु प्रश्न अंतिमतः सुटलेला नाही. म्हणून अध्यापनात ‘पवनार ही वाकाटकांची राजधानी होती’ असे न सांगता, ‘मिराशी यांच्या मते पवनार हे प्रवरपूर होय; अलीकडील उत्खननाच्या आधारे अनेक अभ्यासक मनसरला प्राधान्य देतात’ असे सांगणे अधिक शास्त्रशुद्ध ठरेल.

यामुळे पवनारचे महत्त्व उणावत नाही. धामच्या काठी मिळालेली शिल्पे पाचव्या शतकातील विदर्भाच्या कलेचा मौलिक ठेवा आहेत आणि जांब, बेलोरा येथील ताम्रपट या जिल्ह्याच्या पंधराशे वर्षांपूर्वीच्या ग्रामव्यवस्थेची विश्वसनीय साक्ष देतात. राजधानीचे नाव मिळो अथवा न मिळो, या साधनांचे मोल कायम राहणार आहे. गावाखालील थर शाबूत आहेत तोवर त्यांची नोंद होणे, ही मात्र तातडीची गरज आहे.